फळ्यावर न लिहिलेला निरोप

प्रिय टिटवे,

अक्षर नाचतंय, तिकडे दुर्लक्ष कर. ते का नाचतंय ते शेवटी सांगेन. आधी मोठी बातमी: तुझ्या बापाला धक्का बसला आहे. विजेचा नव्हे, तुझा. गुरुवारी सकाळी तू जो संदेश पाठवलास तो वाचून मी गप्प झालो, तो अजून पुरता बोलता झालेलो नाही. आणि मला गप्प करणं किती अवघड आहे हे तुझ्या आईला विचार. तेव्हापासून मनात एक धास्ती घर करून बसली आहे आणि ती तुझ्याविषयी आहे. चार हवापाण्याच्या गोष्टी सांगून ती शेवटी हळूच काढावी असा बेत होता, पण मग तू 'बाबांचं नेहमीचं पाल्हाळ' म्हणून मधली पानं गाळशील. म्हणून आधीच सांगून टाकलं. आता पाल्हाळ लावायला मी मोकळा.

तू लिहिलं होतंस, "बाबा, तुम्हाला असले संदेश आवडत नाहीत, ठाऊक आहे. पण हा एकच वाचा. मैत्रिणीनं फक्त मला पाठवला, म्हणाली तुझ्यासाठीच आहे. मी आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर बुधवारी टाकला, पण कोणाला विशेष वाटला नाही. मलाच का आवडला कोण जाणे. शेवटची ओळ मी रोज म्हणते." तुझी भीती रास्त होती. घरच्या ग्रुपवर मामानं पाठवलेल्या गुलाबाला 'पाकळ्या तपासल्या, ठीक आहेत' असं उत्तर देणारा बाप आहे तुझा. तर मी खाली पाहिलं. उगवता सूर्य होता. पाण्यात दोन हंस होते, माना गुंतवून, म्हणजे पुढे सुटतील की नाही याची काळजी वाटावी अशा. आणि मजकूर होता: 'आज सगळा दिवस उचलू नकोस. फक्त पुढचं पाऊल. जमिनीवर बस, पाठ भिंतीला टेकव. तू वर आहेस की खाली, हे आत्ता ठरवायची गरज नाही. दार जिथं होतं तिथंच आहे. कोणी विचारलं तर ठीक आहे म्हणू नकोस. म्हण, मी इथं आहे.' खाली लिहिलं होतं, 'एक प्राचीन चिनी ऋषी'.

टिटवे, तो चिनी ऋषी मी आहे.

'पुढचं पाऊल' माझं नव्हे. मी 'पुढचा फोन' लिहिलं होतं. वाटेत कोणा शहाण्यानं ते सुधारलं. भिंतीला पाठ टेकवून बसलेल्या माणसानं पाऊल कसं टाकायचं, हे त्या सुधारकालाच ठाऊक. पण बाकी शब्दन् शब्द माझा, आणि तो तुझ्या हातून माझ्याकडे परत आला. हा योगायोग मी कौतुकानं चारचौघांत मिरवला असता. का मिरवत नाही, ते कळायला तुला आमच्या खोलीत यावं लागेल.

तुला माझं काम म्हणजे 'बाबा लिफ्टवाल्यांचे फोन घेतात' इतकंच माहीत आहे, आणि ते खरंच इतकंच आहे. शहरात कुठंही आमच्या कंपनीची लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे थांबली की आतला माणूस लाल बटण दाबतो आणि आमच्या खोलीत दिवा लागतो. मग दार उघडणारा माणूस तिथं पोचेपर्यंत आपण आतल्या माणसाशी बोलत राहायचं. बस्स. व्याकरण आणि न्याय, म्हणजे जुनं तर्कशास्त्र, शिकलेल्या माणसाला जगात यापेक्षा योग्य नोकरी नाही. ऐकणारा उठून जाऊ शकत नाही. या कामाचे काही नियम आहेत. 'घाबरू नका' म्हणायचं नाही, कारण तोवर न घाबरलेला माणूसही 'अरे, इथं घाबरण्यासारखं काही आहे तर' असं समजून कामाला लागतो. 'दोन मिनिटांत येतो' म्हणायचं नाही. आत दोन मिनिटं फार लांब असतात आणि खोटं ठरलेलं वचन लिफ्टपेक्षा जोरात खाली येतं. 'सगळं ठीक होईल' हे तर अजिबात नाही. त्याला खाली बसवायचं, पाठ टेकवायला सांगायची, पिशवीत काय आहे विचारायचं. स्वतः गप्प व्हायचं नाही. आणि दार उघडणारा, ज्याला आम्ही किल्लीवाला म्हणतो, तो खरोखर त्या दारापुढं उभा राहून कळवेल तेव्हाच एक वाक्य बोलायचं: "माणूस दाराशी आहे." त्याआधी नाही. निघाला आहे, वाटेत आहे, पोचतोच आहे, असलं काही नाही. हे वाक्य ऐकल्यावर आतला माणूस जो श्वास सोडतो ना, त्यासाठी आम्ही इतकी वर्षं तिथं टिकलो आहोत. पगारासाठी टिकण्यासारखं तिथं काही नाही.

आता एवढं लोकांना धीर देणाऱ्या मंडळींना धीर कोण देणार? हा प्रश्न आमच्या साहेबांना पडला आणि त्यांनी भिंतीवर एक चित्र लावलं. बर्फाच्या कड्यावर लटकलेला गिर्यारोहक, खाली 'शिखर तुमची वाट पाहत आहे'. दिवसभर अधांतरी लटकलेल्या लोकांशी बोलायचं आणि मान वर केली की हा. किल्लीवाला म्हणाला, "साहेब, याला कोणीतरी सोडवा, नाहीतर मी जातो." चित्र उतरलं आणि साहेबांची नजर माझ्याकडे वळली. "शास्त्री, तुम्ही शिकलेले आहात. वॉशबेसिनशेजारच्या फळ्यावर रोज काहीतरी उत्साहवर्धक लिहीत जा." पहिल्या आठवड्यात मी संस्कृत सुभाषितं लिहिली. एकानं नवीन मॉडेलची सूचना समजून ती वहीत उतरवून घेतली. मग मी भाषा आणि आशा दोन्ही उतरवल्या. सोमवारी लिहायचो, 'कोणी अडकलं नाही तर चहा प्या. अडकलं तर नंतर प्या.' मंगळवारी, 'सोमवार संपला आहे. ज्यांना अजून कळलं नसेल त्यांना कळवा.' गुरुवारी, 'समोरचा ओरडतोय म्हणजे त्याचा श्वास चालू आहे. शुभ लक्षण.' शुक्रवारी, 'आज काहीच जमलं नाही असं वाटणाऱ्यानं फोन तरी उचलला होता. नोंद घेतली आहे.' लोक हसायचे, 'शास्त्र्याचा फळा' म्हणून टिंगल करायचे, आणि एखाद्या दिवशी मी उशिरा पोचलो तर फळ्यापुढं हेडफोन गळ्यात घालून तोंड पाडून उभे असायचे. घरी मी यातलं काही बोललो नाही. ज्यानं मामाच्या गुलाबाची रेवडी उडवली त्यानं स्वतःच सुप्रभात टोळीत असावं, हे तुझ्या आईच्या हाती पडलं असतं तर मला जन्मभर पुरलं असतं.

पण तुझ्याकडे पोचलेला निरोप फळ्यावरचा नाही. तो फळ्यावर मी कधीच लिहिला नाही, आणि माझ्या धक्क्याचं मूळ तिथं आहे.

आमच्या खोलीत एक मुलगी आहे, सगळ्यांत लहान म्हणून धाकली. वयानं तुझ्याएवढी, बडबडही तुझ्याच वळणाची. गेल्या वर्षी ती एका आजोबांशी बोलत होती. ते लिफ्टमध्ये एकटे होते. बोलता बोलता त्यांचं हृदय थांबलं. ते गप्प झाले तरी ही बोलत राहिली, दार उघडेपर्यंत, कारण स्वतः गप्प व्हायचं नाही हा नियम. तिचं काही चुकलं नव्हतं, चौकशीतही तसंच निघालं. पण ती घरी बसली, मग एक दिवस कामावर आली आणि हेडफोन हातात घेऊन नुसती पाहत राहिली. विचारलं की म्हणायची, "ठीक आहे, काका." ते 'ठीक आहे' फार चटकन यायचं. आमच्या धंद्यात कान तयार होतो, टिटवे. माणूस 'मी ठीक आहे' किती घाईनं म्हणतो त्यावरून तो कुठल्या मजल्यावर अडकला आहे ते कळतं. दुसऱ्या दिवशी बुधवार होता. मी फळ्यापाशी गेलो, खडूसारखं ते पेन उघडलं, आणि तिच्यासाठी जे लिहायचं होतं ते इतरांच्या टिंगलीपुढं ठेववेना. फळा कोरा ठेवला आणि तो निरोप तिच्या एकटीच्या फोनवर पाठवला. आम्ही लिफ्टमधल्या माणसाला जे सांगतो तेच त्यात होतं, शब्द थोडे फिरवून. साहेबांनी विचारलं, "आज काय झालं फळ्याला?" म्हटलं, उपास आहे. धाकली उशिरा आली. खुर्चीवर बसलीच नाही. कोऱ्या फळ्याखाली जमिनीवर बसली, पाठ भिंतीला टेकवली, हेडफोन चढवला आणि पहिला फोन उचलला. साहेब आत आले, तिला पाहिलं, आणि जन्मात पहिल्यांदा काहीही न सुचवता बाहेर गेले. पुष्कळ दिवसांनी एकदा कप विसळताना ती म्हणाली, "काका, त्या सकाळी मी कामावर यायला निघालेच नव्हते. दुसरीकडे निघाले होते." कुठं, ते मी विचारलं नाही. दोघांनी कप विसळले.

म्हणून सांगतो, हा निरोप धडधाकट माणसाला अळणी लागतो. नंतर एकदा मी तो तिला विचारून, नाव न सांगता, खोलीत वाचून दाखवला होता. किल्लीवाल्यानं जांभई दिली. तुझ्या ऑफिसातही कोणाला विशेष वाटला नाही म्हणालीस, ते बरोबरच आहे. वाटू नयेच.

आता गुरुवारची सकाळ. मी एका बाईंशी बोलत होतो. त्या आठव्या आणि नवव्या मजल्याच्या मधे होत्या, हातात कुंडी होती, आणि कुंडीतल्या रोपाला नवीन पान फुटल्याचं त्या मला अगदी खुलून सांगत होत्या. मोबाईल खणात ठेवावा असा आमचा नियम आहे. खण बंद ठेवावा असा नाही. तुझा संदेश उजळला. मी हंस पाहिले, मनात हसलो, मग वाचलं. आणि टिटवे, इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी फोनवर गप्प झालो. पायाखालची फरशी आहे की नाही ते बुटानं चाचपून पाहिलं. बाई पान सांगता सांगता थांबल्या. मग त्या अंधाऱ्या पेटीतून मला विचारलं, "अहो, तुम्ही बरे आहात ना?" मी म्हणणार होतो, ठीक आहे. जिभेवर आलंच होतं. म्हणालो, "मी इथं आहे." त्या म्हणाल्या, "बरं. मीही आहे. बसा जरा." अडकलेल्या बाईनं मला बसवलं. मी बसलेलाच होतो, पण पुन्हा बसलो.

बाई सुटल्यावर मी धाकलीपुढं फोन धरला. ती म्हणाली, "काका, मी तो कुठंही टाकला नाही. एकीला दिला. माझ्यासारखीच होती. तिनंही एकीलाच दिला असेल. हा असाच जातो, ज्याला हवा त्याच्याकडून ज्याला हवा त्याला." मग विचारलं, "कोणी पाठवला तुम्हाला?" म्हटलं, माझ्या मुलीनं. "काय म्हणाली?" म्हटलं, शेवटची ओळ रोज म्हणते. धाकलीनं हेडफोन काढला, टेबलावर ठेवला आणि कधी नव्हे ते माझ्यावर डाफरली. "मग तुम्ही इथं काय करताय?"

शिकताना पर्वतावरच्या धुराचं उदाहरण आम्ही किती घोकलं असेल. जिथं धूर तिथं अग्नी; पर्वतावर धूर दिसतो, म्हणून पर्वतावर अग्नी आहे. पर्वत आपल्या घरचा असला तर काय करायचं, ते कोणी शिकवलं नव्हतं. मी बसून धूर आठवायला लागलो. तुझ्या ऑफिसात अर्ध्या खुर्च्या एका दिवसात रिकाम्या झाल्या, ते तू आईला भाजी निवडता निवडता सांगावं तसं सांगितलं होतंस. उरलेल्यांचा उत्साह टिकवायचं काम तुझ्या साहेबांनी तुला दिलं. आई शेजारणीला अभिमानानं सांगत होती, पोरगी सोमवारी प्रत्येकाच्या टेबलावर चिठ्ठी ठेवते, बुधवारी ग्रुपवर निरोप टाकते, शुक्रवारी जो खचलाय त्याला जिन्यात गाठून दोन शब्द बोलते, सगळे तिला बॅटरी म्हणतात. मीही ऐकत होतो. बॅटरी भरते कुठं, हे विचारायचं सुचलं नाही. लहानपणी तू भिंतीला पाय वर लावून झोपायचीस म्हणून मी तुला टिटवी म्हणायला लागलो. आभाळ पडेल म्हणून टिटवी पाय वर करून झोपते, पडलंच तर झेलायला. मागच्या खेपेला तू आलीस तेव्हा आई म्हणाली, "हिचे पाय आता खाली असतात. अंगाचं मुटकुळं करून झोपते." मी म्हटलं, मोठी झाली. शास्त्री म्हणे.

दुपारी तुला फोन केला, आठवत असेल. मी 'कशी आहेस' यातलं 'कशी' म्हटलं आणि तिकडून आलं, "मजेत, बाबा! सगळं एकदम झकास." माझा प्रश्न निम्माच झाला होता, गं. इतक्या घाईचं उत्तर मी आजवर एकदाच ऐकलं होतं, फळ्याखाली बसायच्या आदल्या दिवशी. मी 'काय झालं' विचारलं नाही, 'सगळं ठीक होईल' म्हटलं नाही. तुझ्या स्वयंपाकघरातला नळ अजून गळतो का, एवढं विचारलं. तू म्हणालीस, "गळतोय, पण सवय झाली." मग आपण नळाविषयी बराच वेळ बोललो. तुला वाटलं असेल, बाबांना नळाचं एवढं काय. मी फक्त तुझा श्वास ऐकत होतो.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं, फळ्यासकट. मला वाटलं, गुलाबाचा सूड आता उगवणार. ती हसली नाही. निरोप वाचला, चष्मा काढला, पुन्हा वाचला. म्हणाली, "हे तू लिहिलंस?" "मग तिच्या ऑफिसातल्या खुर्च्या रिकाम्या झाल्या तेव्हाच हे मैत्रिणीऐवजी तू का नाही पाठवलंस" असं काही ती म्हणेल म्हणून मी वाट पाहत होतो, पण तिनं माळ्यावरची पिशवी काढली आणि माझे कपडे भरले. वर पान्हा टाकला, नळासाठी. "जा. उपदेश करू नकोस. सुभाषित तोंडातून निघालं तर परत येऊ नकोस. आणि तिला म्हणावं, आई फोनपाशी बसली आहे, वाटलं तर करायचा, नाही तर नाही." शुक्रवारचा आणि शनिवारचा फळा मी धाकलीकडे सोपवला. तिनं काय लिहिलं असेल याची मला उत्सुकता आहे, पण ती नंतर.

तर अक्षर नाचतंय ते बसमुळे. अर्धं पत्र बसमध्ये लिहिलं आणि उरलेलं मांडीवर. तुझ्या इमारतीची लिफ्ट चालू आहे, पण धंद्यातला माणूस जिन्यानंच येतो. मी तुझ्या मजल्याच्या वरच्या पायरीवर बसलो आहे. आतून तुझ्या चालण्याचा आवाज येतोय, भांडी ठेवल्याचा येतोय, आणि तो नळही ऐकू येतोय, पान्हा लागणार. घंटा वाजवली असती तर तू दार उघडायच्या आत चेहऱ्यावर 'मजेत' चढवलं असतंस आणि मग आपल्या दोघांना ते उतरवता आलं नसतं. म्हणून हे पत्र दाराखालून आत सरकवतो आहे. वाचून झालं तरी लगेच उठायचं कारण नाही. बसावंसं वाटलं तर तिथंच जमिनीवर बस, पाठ दाराला टेकव, मी या बाजूनं टेकवतो. सोमवारी ऑफिसला काय पाठवायचं, ते आत्ता ठरवायची गरज नाही. आभाळ थोडा वेळ मी धरतो, माझे पाय लांब आहेत. दार उघडशील तेव्हा मजेत म्हणायचं नाही. आणि टिटवे, आमच्या खोलीत हे वाक्य आधी बोलायला बंदी आहे, म्हणून गुरुवारी फोनवर बोललो नाही, बसमधून कळवलं नाही. आता बोलायला हरकत नाही. माणूस दाराशी आहे.

तुझाच,
चिनी ऋषी, म्हणजे बाबा